कागदावर फिटर, मैदानात सेंटर फॉरवर्ड

मी अकरा वर्षं पिंपरीच्या एका कंपनीत फिटर होतो आणि त्या अकरा वर्षांत तिथे मी पाना एकदाही हातात धरला नाही.

कंपनीला फुटबॉलची टीम हवी होती, पण फुटबॉल खेळण्याचा पगार द्यायची सोय नव्हती. म्हणून आमचा गोलकीपर कागदावर स्टोअरमध्ये होता, दोन्ही बॅक पेंट शॉपमध्ये, आणि सेंटर फॉरवर्ड, म्हणजे मी, मेंटेनन्समध्ये फिटर. मूळचा दापोडीचा. दिघीच्या माळावर लष्करातल्या जवानांबरोबर खेळून तयार झालेलो. सकाळी हजेरी लावायची, फोरमनसाहेबांना नमस्कार करायचा आणि सरळ मैदानावर जायचं. साहेब म्हणायचे, "मशीनला हात लावू नकोस बाबा. दोघांपैकी एकाला काहीतरी होईल."

लग्नाचं ठरलं तेव्हा मोशीच्या पाहुण्यांना नेमकं काय सांगायचं, हा प्रश्न पडला. बॉलमागे पळायचा कोणी पगार देतं, हे शेतकरी माणसाला कसं पटवणार? आईने तो प्रश्न चार शब्दांत सोडवला. "कंपनीत फिटर आहे पोरगा." (कागदोपत्री ती शंभर टक्के खरं बोलत होती.)

लग्न झालं. मी खेळतो, हे माझ्या बायकोला, सुमनला ठाऊक होतं. मी फक्त खेळतो, हे सांगायचं राहिलं होतं. या दिवाळीला सांगू, पुढच्या दिवाळीला सांगू, असं करता करता चार वर्षं गेली.

आणि एका उन्हाळ्यात मामांचं, म्हणजे माझ्या सासऱ्यांचं, इंद्रायणीकाठचं डिझेल इंजिन बंद पडलं. कांद्याला दोन पाणी द्यायची राहिली होती. मामांचा निरोप आला, "घरात कंपनीचा फिटर असताना भोसरीचा मिस्त्री कशाला? जावईबापूंना घेऊन ये."

गुरुवारी कंपनीला सुट्टी असे. शनिवारी आमची फायनल होती. मी इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून मोशीला गेलो, यावरूनच माझं फिटरपण कुणाच्याही लक्षात यायला हवं होतं.

नदीकाठी मामा होते, सुमन होती आणि कंपनीतला माणूस काम कसा करतो ते बघायला शेजारपाजारची सहा माणसं बाभळीखाली बसली होती. मी इंजिनाभोवती सावकाश एक फेरी मारली. फोरमनसाहेबांना असं करताना मी लांबून पाहिलं होतं.

"काय झालंया?" मामांनी विचारलं.

"जुनं झालंय."

"गेल्या सालीच घेतलंय."

सुमन हळूच म्हणाली, "अहो, डिझेलच्या नळीत हवा धरली असेल. आमच्या आधीच्या इंजिनाचं असंच व्हायचं. तो एक नट ढिला केला की..."

"तू सावलीत बस," मी म्हणालो. (हे वाक्य तिने पुढे आयुष्यभर जपून ठेवलं आणि लागेल तसं वापरलं.)

मी दिसतील ते नट सोडायला लागलो. चौथ्या नटाला डिझेलची चिळकांडी उडाली आणि पांढरा शर्ट नाहीसा झाला. पाचवा काही केल्या हलेना. मी घामाघूम. अर्ध्या तासाने बाभळीखालचा एक म्हातारा अदबीने खाकरला.

"पावणं, बोलू का? तुमी आवळताय."

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. मामा नुसते कांद्याच्या वाफ्यांकडे बघत होते. पातींचे शेंडे पिवळे पडायला लागले होते. मला इतकी लाज वाटली, की मग मी मला येत होतं ते एकमेव काम केलं. दोन पावलं मागे गेलो आणि उजव्या पायाने इंजिनाला सणसणीत लाथ घातली. पायात चप्पल होती.

इंजिन जागचं हललं नाही. माझा अंगठा हलला.

मला उचलून बाभळीखाली ठेवण्यात आलं आणि पाय पाण्याच्या बादलीत गेला. तिथून मी पाहिलं, सुमनने पदर खोचला, मी सोडलेले नट एकेक करून लावले, मग एक बारका नट ढिला केला. फेस आला, बुडबुडे आले, नुसतं डिझेल यायला लागल्यावर तिने तो आवळला. मामांनी हँडल मारलं. इंजिन सुरू झालं. सगळं मिळून वीस मिनिटं लागली असतील.

डॉक्टरकडे बैलगाडीतून निघालो. मामा पुढे कासरा धरून, मी पाय वर करून, सुमन मागे. पाय ठणकत होता.

"मामा," मी म्हणालो, "मी फिटर नाही. मला कंपनीने फक्त बॉल खेळायला ठेवलंय."

मामांनी मान वळवली नाही. "ठावं हाय."

"कधीपासून?"

"सोयरीक जुळायच्या आधी कंपनीच्या गेटावर चौकशी केली व्हती. गेटवाला म्हणला, त्यो काम न्हाई करत, त्यो बॉल खेळतो. म्हणलं, बघावं तरी. येक सामना बघितला. मला त्यातलं काय कळतंय? पर तुमाला चार येळा पाडलं त्या लोकांनी. तुमी चारी येळा उठला, आन् पाडणाऱ्याचीच पाठ थोपाटली. म्हणलं, हा गडी माझ्या पोरीवर हात उचलायचा न्हाई. दिली."

मग मागून सुमन म्हणाली, "मलाही ठाऊक होतं. लग्नानंतर तिसऱ्या महिन्यात कळलं. फिटरची नखं इतकी स्वच्छ नसतात."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही सांगाल म्हणून थांबले होते."

शनिवारची फायनल मी प्लास्टरमधला पाय खुर्चीवर ठेवून पाहिली. टीम मॅनेजरने विचारलं, "फाऊल कुणी केला?" मी म्हणालो, "इंजिनाने." माझ्याशिवाय टीमचं काय होणार, या काळजीने मला आदल्या रात्री झोप लागली नव्हती. आम्ही तीन गोलांनी जिंकलो. तिन्ही गोल माझ्या जागी खेळलेल्या पोराने मारले.

पुढच्या मोसमात मी बाकावर बसलो आणि त्याच्या पुढच्या मोसमात फोरमनसाहेबांनी बोलावून घेतलं. बत्तिसाव्या वर्षी मी मेंटेनन्समध्ये पाना धरायला शिकलो. मान खाली घालून, मन लावून शिकलो. नखं काळी झाली. सुमन ती बघून उगाच हसायची.

दोन वर्षांनी मामांचं इंजिन पुन्हा बिघडलं. या वेळी मी कुणी न बोलावता गेलो, स्वतःची हत्यारं आणि सुमनला घेऊन. सकाळपासून दुपारपर्यंत खपलो आणि इंजिन सुरू करून दाखवलं. मामा जवळ आले. कान देऊन त्याची अडखळती धडधड बराच वेळ ऐकली. मग माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि सुमनला ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाले,

"जावईबापू, तुमी बॉल लई झ्याक खेळायचा."