कलाबाईची छपाई

माझं तोंड तिखट आहे. सौंसरात कोणालाही विचारा, शकुंतलाबाई अंगणवाडीवाली म्हटलं की आधी तोंडाचं सांगतील, मग कामाचं. तीस वर्षं लेकरांना खिचडी वाढली, त्यांच्या मायांना रागावली, आता रिटायर होऊन घरी बसली तरी सवय जात नाही. म्हणून आधीच सांगून ठेवते, कलाबाईची गोष्ट सांगताना मी कुठं कुठं वाईट दिसन. दिसू द्या. जे झालं ते झालं.

कलाबाई लोधीखेड्याची. तुळशीराम मिस्त्रीची बायको अन् त्याचीच रेजा. बांधकामावर घमेलं वाहणाऱ्या बाईला आमच्याकडं रेजा म्हणतात. मिस्त्री वर चढतो, रेजा खाली रेती-सिमेंटचा मसाला कालवते, घमेल्यात भरते अन् हात उंच करून त्याला देते. अठ्ठावीस वर्षं तिनं हेच केलं. माझं घर बांधलं तेव्हा ती नवीनच लग्न होऊन आली होती. डोक्यावर घमेलं अन् दातात पदराचं टोक. बोलणं नाही की चालणं नाही. त्या वेळी तुळशीरामनं मागच्या दोन खोल्यांची छपाई केली, म्हणजे तुम्ही ज्याला प्लास्टर म्हणता ते. त्या भिंतींना आजपर्यंत केसाएवढी चीर नाही.

खराब झाली ती समोरची खोली. वरच्या टाकीचं पाणी मुरत राहिलं अन् छताचे पोपडे सुटायला लागले. एक दिवस मी जेवत बसली होती, तर पोळीएवढा तुकडा थेट वरणात! प्रतीक, माझा मुलगा, नागपूरला राहतो. फोनवर म्हणे, "आई, पीओपी करून टाकू. विनोद म्हणून माझ्या ओळखीचा ठेकेदार आहे."

"तुझं पीओपी तुझ्या फ्लॅटात लाव," मी म्हटलं. "माझ्या घराला तुळशीरामचा हात पाहिजे."

"बरं बाई. पण पंधरा दिवसांनी, शनिवारी मी विनोदला घेऊन येतो. तो पाहील. काम बरोबर नसलं तर सगळं काढून त्याला देऊ. मग तू काही बोलायचं नाही."

मी हो म्हटलं. मला काय माहीत पुढं काय वाढून ठेवलं आहे!

सोमवारी नवराबायको दोघं हजर. दिवाळी होऊन गेली होती, सकाळची थंडी पडत होती. तुळशीरामनं उजव्या खांद्यावरून मोठा दुपट्टा सोडला होता, पार गुडघ्यापर्यंत. पहिली गोष्ट काय केली, तर खोलीचं दार आतून लावून घेतलं. "धूळ येईन जी घरात," कलाबाई म्हणाली. मला कौतुक वाटलं. पण कामाची तऱ्हा काही मला पटेना. छपाई आधी छताची करतात अन् मग भिंतींची, एवढं मलाही कळते. यांनी भिंतीच धरल्या. विचारलं तर मिस्त्री दाराआडून म्हणे, "छताले वेळ हाय जी." अन् चार दिवसांचं काम, त्याला आठवडा लावला.

दुसऱ्या दिवशी मी चहा घेऊन गेली. चहाचा पहिला कप मिस्त्रीचा, ही रीत. रेजा मागून, रेतीच्या ढिगाजवळ उभी राहून पिते. मी कप पुढं केला, तर तुळशीरामनं डावा हात पुढं केला. डोकंच फिरलं माझं! "मिस्त्री, घरातलं चहापाणी डाव्या हातानं घेऊन राहिले? कोणी काही शिकवलं की नाही?" त्यानं मान खाली घालून कप घेतला. कलाबाईनं माझ्याकडं असं पाहिलं की मी दुसरी कोणी असती तर तिथंच समजली असती. पण मी मी आहे ना! बडबडत आत गेली.

पुढच्या सोमवारी दुपारी धप्पकन आवाज आला. गाभण म्हैस पडावी असा. दार ढकलून पाहते तर काय, अर्ध्या छताचा ओला मसाला फरशीवर. संत्र्याचे कॅरेट एकावर एक ठेवून, वर फळी टाकून मचाण केलं होतं. त्या मचाणावर कलाबाई उभी. केसांत मसाला, पापण्यांवर मसाला, हातात करणी, म्हणजे मसाला मारायची थापी. अन् मिस्त्री खाली, उलट्या घमेल्यावर बसलेला.

क्षणभर तर काही डोक्यात शिरलं नाही. मग नजर भिंतीवर गेली. दारामागच्या छपाईवर बारीक बारीक चार रेघा होत्या, अर्धगोल, एकाखाली एक. पुढं हातभर अंतरावर परत चार. बांगड्यांच्या रेघा! माझ्या पूर्ण खोलीच्या भिंती या बाईनं छापल्या होत्या.

"हे काय लावलं आहे?" मी ओरडली. "माझं घर काय तुमची शाळा आहे? शिकायला माझंच घर सापडलं? अन् मिस्त्री, तुम्ही बसून काय तमाशा पाहून राहिले?"

तुळशीरामनं डाव्या हातानं दुपट्टा बाजूला केला. उजवा हात मांडीवर पडला होता, उतरवून ठेवलेल्या बाहीसारखा. भादव्यात लकवा मारला, म्हणे. दवाखाना झाला, पाच शनिवार जामसावळीला मारुतीच्या पायाशी बसून झालं. पाय आला, बोलणं आलं. हात काही आला नाही.

मला चहाचा कप आठवला. खोटं कशाला सांगू, मला माझीच लाज वाटली. पण लाज वाटली की मी जास्तच चिडते. "मग सांगायचं नाही का?" मी म्हटलं.

"सांगून काय होते जी," तो म्हणाला. "मिस्त्रीचा हात गेला म्हटलं की नाव गेलं. मंग कोण बलावते?"

कलाबाई मचाणावरून खाली उतरली. अठ्ठावीस वर्षांत मी तिचं एवढं लांब बोलणं पहिल्यांदा ऐकलं. "बाई, घमेलं त मी कोणासंगही वाहीन. पण यायले एकट्याले खाटेवर टाकून कशी जाऊ? सारं काम यायच्या डोक्यात हाय. ते डोकं घरी पडून राह्यलं त मानूस मरन. माह्या हाताले काम आलं, त हे खाली बसून सांगतीन. मी शिकून राहिली. भित जमली. छत बी जमन. शनवारपर्यंत राहू द्या बाई, कोनाले सांगू नका."

आता अशा बाईला काय म्हणायचं? "शनिवारी प्रतीक येतो," मी म्हटलं. "तोपर्यंत छत चिकटलं तर चिकटलं. नाही तर विनोद आहेच." असं म्हणून मी आत गेली अन् मोठं पातेलंभर पाणी तापत ठेवलं, तिच्या केसांसाठी.

त्या दिवसापासून दार उघडं राहिलं अन् मी दारात खुर्ची टाकून बसली. माझ्यासमोर शिकवणी चालू झाली. पहिली चूक तर मलाही कळली. मसाला पातळ. जन्मभर घर सारवणारी बाई, तिचा हात सारवणाचाच. शेणकाल्यासारखं ओलं कालवायचं अन् तळव्यानं अर्धगोल फिरवायचं. "हे अंगन नोहे," मिस्त्री खालून म्हणे. "छताले लावत नाही, मारतेत. मनगटातून मार." तिनं मसाला घट्ट केला. मसाला धरावा म्हणून छताला टाचे, म्हणजे खाचा पाडल्या, सिमेंटचं पाणी मारलं, मग मसाला. तरी मंगळवारी परत अर्ध छत खाली. जेवढं चिकटलं त्यावर मिस्त्रीनं बांबू ठोकायला लावला, तर पोकळ वाजलं, म्हणजे तेही आतून सुटलेलं.

त्या दिवशी कलाबाई रडली. भिंतीकडं तोंड करून, आवाज न करता. मी पाहिलं अन् न पाहिल्यासारखं केलं.

बुधवारी मिस्त्री म्हणाला, "डोळे मिटून बसतो. तू मार." खरंच डोळे मिटून बसला. वर ती मसाला मारते, हा कान देऊन ऐकते. आधी बांगड्यांची किणकिण, मग मसाल्याचा थप्प. किणकिण, थप्प. किणकिण, थप्प.

"थांब," तो म्हणाला. "तू हात आखडून राहिली. बांगडी फुटन म्हून."

कलाबाईनं हात मागं घेतला. म्हणजे खरंच होतं. हात वर झटकला की बांगड्या आदळत होत्या, म्हणून ती ऐन वेळेला मनगट ओढून धरत होती. मसाल्याला जोरच लागत नव्हता. नवरा लकव्यातून उठलेला, अन् अशात हातातली बांगडी फुटायची म्हणजे! आमच्याकडं तर बांगडी फुटली असं म्हणतही नाहीत, वाढली म्हणतात.

"काढून ठेव," तो म्हणाला.

"नाही."

"अवं, एका हाताच्या त हायेत."

"नाही म्हटलं ना! तुमी जिते असताना रिकामा हात घेऊन मी वर नाही चढत. छत गेलं खड्ड्यात."

अशी आवाज चढवून बोललेली कलाबाई! मी तर तोंडात बोट घातलं. मला वाटलं, संपलं, आता विनोदच. तेवढ्यात तुळशीराम म्हणाला, "बाई, साबन आनता का जरा?"

मी साबण आणला. त्यानं डाव्या हातानं आपला उजवा हात उचलला अन् तिच्यापुढं धरला. "काढून इथं घाल. तुह्या नाही त माह्या हातात राहतीन. घरचं लेनं घरात."

ती फळीवरून उतरली. मग खाली बसली. साबण लावून एकेक बांगडी काढली. चार हिरव्या. त्याची बोटं जुळवून धरली अन् एकेक करून त्या हातात चढवली. कामाच्या बाईचा पंजा मोठा, अन् त्याचा हात सुकलेला, बरोबर बसल्या. ती चौथी चढवताना म्हणाली, "फुटतीन तुमच्या हातात बी."

"नाही फुटत," तो म्हणाला. "हा हात आता कुठं आपटतच नाही."

मी तिथून उठली. माझ्याच्यानं बसवलं नाही. स्वयंपाकघरात जाऊन उगीच डब्यांची झाकणं लावत राहिली. अन् तिथं मला आवाज ऐकू आला. थप्प. थप्प. थप्प. मधली किणकिण नव्हती.

गुरुवार गेला, शुक्रवार गेला, छत पडलं नाही. संध्याकाळी जाताना ती बांगड्या त्याच्या हातातून काढून आपल्या हातात घालायची, सकाळी आली की परत त्याच्या. भिंतींवरच्या रेघा तिनं घासून मिटवल्या. दारामागच्या चार मात्र मी मिटवू दिल्या नाहीत. घर माझं आहे, मी कोणाला विचारू?

शनिवारी अकरा वाजता प्रतीक आला, सोबत विनोद. नवा शर्ट, हातात दोन फोन. कोपऱ्यातली हातभर पट्टी तेवढी राहिली होती, कलाबाई वर तीच मारत होती. मिस्त्री खाली खुर्चीवर. दुपट्टा मांडीवर, अन् त्यातून बांगड्यांचा हात बाहेर. लपवायला त्याला वेळ होता. मोटारसायकल थांबल्याचा आवाज आम्ही सगळ्यांनीच ऐकला होता. त्यानं लपवला नाही.

विनोदनं पाहिलं अन् फिसकन हसला. "काय मिस्त्री, बांगड्या भरल्या काय?"

माझ्या ओठांवर शिवी आली होती, खरं सांगते. पण तुळशीराम माझ्याआधी बोलला. खालच्या आवाजात नाही, चांगलं गल्लीत ऐकू जाईल असं. "हाव बावा, भरल्या. माहा हात लकव्यानं गेला. जिचा हात चालते, ते मिस्त्रीन वर हाय. तू माहा हात काय पाह्यतं? काम पाह्य."

 भादव्यापासून जे झाकून ठेवलं ते माणसानं स्वतःच्या तोंडानं सांगून टाकलं. कलाबाईची करणी वरच थांबली.

विनोदचं हसू गेलं. माणूस तसा वाईट नव्हता, कामातला होता. तो फळीवर चढला, करणी उलटी धरून दांड्यानं छत ठोकत गेला. टक, टक, टक. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. पंख्याच्या कडीजवळ थांबला, तिथं थोडी लाट आहे, ती आजही दिसते. परत ठोकलं. कुठंच पोकळ वाजलं नाही.

खाली उतरून तो प्रतीकला म्हणाला, "याला हात लावायचं काम नाही." मग कलाबाईकडं वळला. "तिगावला माझं काम चालू आहे. तुम्ही सोमवारपासून येता काय?"

"घमेलं वाह्याले, का छपाईले?" कलाबाईनं विचारलं.

विनोदनं परत एकदा छताकडं पाहिलं. "छपाईले."

"मंग हे बी येतीन. यायले खुर्ची लागन."

प्रतीक माझ्याकडं पाहत होता. मी त्याला म्हटलं, "पाहतो काय, दूध आण, संपलं आहे." अन् चहा टाकला.

चहा घेऊन आली. पहिला कप मिस्त्रीचा, म्हणून सवयीनं तुळशीरामपुढं धरला. त्यानं डाव्या हातानं घेतला, पण तोंडाला लावला नाही. खुर्चीला रेलून उभा राहिला, हात उंच केला अन् कप वर फळीवर कलाबाईला दिला. ती त्याला घमेलं द्यायची तसा. उजव्या हातातल्या बांगड्या जराशा वाजल्या. तिनं पदराला हात पुसले, खाली वाकून कप घेतला अन् तिथंच बसून प्यायली.

मी दुसरा कप भरला अन् त्याच्या डाव्या हातात दिला.