दारातला उजेड

मार्गासनीच्या दत्ता शिळीमकरनं कॅमेरा घेतला तो डोंगरावरचं धुकं टिपायला. पण एकदा त्यानं भावकीतल्या म्हादूआबांना दारातल्या उजेडात बसवलं, चेहऱ्यावर उजेड परतावा म्हणून सावलीच्या बाजूला एकाला पांढरं धोतर धरायला लावलं आणि झकास फोटो काढला. महिन्याभरात आबा गेले. तोच फोटो हार घालून भिंतीवर लागला.

तेव्हापासून दर रविवारी बोलावणं येतं, "आमच्या म्हाताऱ्याचा काढून ठेव." नाही म्हटलं की भावकी रुसते. धुकं राहिलं डोंगरावरच.

परवा दत्ता वैतागून घरी आला. कॅमेरा कपाटात कोंबणार, तोच नवं लुगडं नेसून आई दारात येऊन बसली. मांडीवर पांढरं धोतर.

"गावाचे काढलेस, आता माझाबी काढून ठेव."

त्यानं कॅमेरा डोळ्याला लावला. फोकसच्या चौकटीनं तिचा चेहरा लगेच पकडला. दत्ताला बटण दाबवेना.