लॅबच्या स्टुलावर बसलेली मी

मंडळी, भुतांच्या बाबतीत माझा अनुभव तुमच्यापेक्षा जास्त आहे, कारण मी स्वतः दोनदा भूत झालेली आहे. आमच्या बडोद्यातल्या, गोत्री भागातल्या सोसायटीत गणपतीत नाटक असतं. त्यात एकदा विहिरीतली सवत केली आणि एकदा जळून मेलेली थोरली जाऊ. तोंडाला तांदळाचं पीठ, डोळ्यांखाली काजळ. पहिल्या रांगेतली पोरं रडली होती आणि एक काका उठून घरी गेले होते. (पोट बिघडलं होतं, असं ते अजून म्हणतात.) ज्या बाईने भूत विंगेत उभं राहून वडापाव खाताना पाहिलंय, तिचा भुतावर कसा विश्वास बसावा? माझा नव्हता. खरं सांगायचं तर आजही नाही... कारण मी जे पाहिलं ते भूत नव्हतंच. ती बाई तेव्हा जिवंत होती, आजही आहे, आणि आत्ता हे टाइप करते आहे.

दहा-बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. बडोद्याहून सावली गावाकडे जाताना कारखाने लागतात, त्यातल्या एका रंगाच्या कारखान्यात मी एचआरला होते. नाव सांगत नाही. इमारत दुमजली — वर ऑफिस आणि लॅब, खाली प्लांट, आणि जिन्याखाली पूर्वी स्टेशनरीची खोली होती तिथे नव्याने केलेली कॅमेऱ्यांची खोली. मी सगळ्यांची मंदाबेन. माझा जन्म बडोद्याचा, गुजराती अशी की भलेभले फसायचे, आणि मला त्याचा फार तोरा. कामावर मराठीचा एक शब्द काढायचा नाही हा माझा नियम होता. मराठी माणसं कोपऱ्यात कुजबुजतात असं कोणी म्हणू नये म्हणून, असं मी स्वतःला सांगायचे.

लॅबमध्ये शुभांगी नावाची असिस्टंट होती. मूळची धुळ्याकडची, लग्न होऊन इकडे आलेली. तिचा नवरा नीलेश आमच्याच डिस्पॅचला. पहिल्या आठवड्यात ती माझ्या टेबलाशी येऊन हळूच म्हणाली होती, "ताई, तुम्ही आपल्याकडच्या ना?" मी हसून गुजरातीत उत्तर दिलं होतं. त्यानंतर तिने मला कधी ताई म्हटलं नाही. मोडक्या गुजरातीत 'मंदाबेन, आ काम थई गयुं', हे काम झालं, एवढंच.

त्या वर्षी आमच्या एका रंगाचा फॉर्म्युला बाहेर फुटला. हुबेहूब तोच रंग दुसऱ्या कंपनीने बाजारात आणला. साहेब हादरले. एरवी माणूस गोड, प्रत्येकाला 'आपलंच घर आहे' म्हणणारा. त्यांनी अहमदाबादहून कोणी सल्लागार आणला आणि त्याने दोन औषधं लिहून दिली. एक, सगळीकडे कॅमेरे. दोन, प्रत्येक कामगाराने आपल्या सगळ्या बँक खात्यांची सहा महिन्यांची स्टेटमेंट आणून द्यायची. ज्याच्याकडे पगारापेक्षा जास्त पैसा दिसेल, तो चोर.

आता असली स्टेटमेंट मागायला तोंड कोणाचं हवं? जिच्यावर कोणी रागावत नाही, तिचं. मी खात्याखात्यात गेले, नकला केल्या, 'अरे, माझं स्टेटमेंट बघाल तर वर्गणी काढाल' असं म्हणत सगळ्यांना हसवलं, आणि हसता हसता माणसांनी आपल्या घरची गुपितं माझ्या हातात उघडी करून दिली. कोणाचा हप्ता, कोणाची दवाखान्याची बिलं, कोणी बहिणीला गुपचूप पाठवतो ते. पॅकिंगच्या मनहरभाईंनी मुलीच्या लग्नासाठी एका नव्हे, तीन ठिकाणांहून कर्ज उचललं होतं. ते मी ऑफिसात रंगवून सांगितलं. दोन दिवसांत कॅन्टीनमध्ये पोरं त्यांना 'शेठ' म्हणून हाक मारू लागली. मनहरभाई नंतर झाडाखाली एकटेच जेवायला बसायचे. ते मला स्क्रीनवर दिसायचं.

हो, स्क्रीन. कॅमेऱ्यांच्या खोलीत भरतभाई नावाचे ऑपरेटर होते, सावलीचेच. दुपारी त्यांच्या जेवणाच्या वेळेला लक्ष ठेवायचं काम मी मागून घेतलं होतं. भरतभाई मागे स्टुलावर डबा खायचे, मी खुर्चीत. आवाज नव्हता त्या कॅमेऱ्यांना, नुसती चित्रं. मग संवाद मी घालायचे — याचा आवाज, त्याचा आवाज. भरतभाईंना हसून ठसका लागायचा. काय सांगू, मालिका झक मारतील अशी मजा होती. ही मजा आठवली की आता लाज वाटते, पण तेव्हा होती, हे लपवण्यात अर्थ नाही.

त्याच खोलीत मला दिसलं की शुभांगी रोज जेवणानंतर लॅबच्या खिडकीशी उभी राहते आणि डब्याच्या पिशवीतून एक पासबुक काढून बघते. निळं. आमची पगाराची खाती होती त्या बँकेचं पासबुक लाल होतं. कंपनीला तिने फक्त त्या लाल खात्याचं स्टेटमेंट दिलं होतं.

दुसऱ्या दिवशी साहेबांच्या केबिनमध्ये चहा चालला होता. मी त्यांना दिवसभराच्या गमती सांगायचे, तशी हीही सांगितली. शुभांगी पासबुक कशी बघते त्याची नक्कल केली — मान वाकडी, ओठ पुटपुटताहेत, जणू प्रियकराचं पत्र. साहेब हसले. मग हसायचे थांबले. लॅब म्हणजे फॉर्म्युल्याची जागा, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं... नाही, खोटं कशाला बोलू, लक्षात आधीपासून होतं, पण नक्कल फार छान जमली होती. साहेब शांतपणे म्हणाले की उद्या जेवणानंतर त्या खात्याचं स्टेटमेंट मागा. नाहीच दिलं तर नीलेशभाईंना विचारतो, तो आपलाच माणूस आहे.

आणि इथे मला ठाऊक होतं, मंडळी. पगाराचं एटीएम कार्ड नीलेशच्या खिशात असतं हे सगळ्या डिस्पॅचला माहीत होतं. मुलीला दहावीनंतर शिकवायचं नाही असं तो मोठ्याने सांगायचा. शुभांगी रात्री साड्यांना फॉल-पिको करून देते हेही मी ऐकलं होतं. दोन आणि दोन चार मला करता येतात. ते निळं पासबुक नवऱ्यापर्यंत गेलं तर काय होईल हे न कळायला मी काही कुकुलं बाळ नव्हते. तरी मी म्हटलं, "हो साहेब."

दुसऱ्या दिवशी जेवायला बाहेरून सेव-उसळ मागवली होती. मी बोलता बोलता हातवारे करते, त्यामुळे लाल तर्री थेट माझ्या ओढणीवर. पिस्त्याच्या रंगाची नवी ओढणी, डाव्या खांद्याखाली हा एवढा डाग. पाणी लावून चोळला तर आणखी पसरला. तशीच जाऊन कॅमेऱ्यांच्या खोलीत बसले. म्हटलं शुभांगी खिडकीशी आली, पासबुक हातात आलं, की वर जायचं. म्हणजे नाही म्हणायला तिला तोंड उरणार नाही. बेत चांगला होता माझा.

शुभांगी खिडकीशी आली. पिशवीत हात घातला. मी उठणार, तेवढ्यात लॅबच्या दारातून कोणीतरी आत आलं, स्टूल ओढलं आणि कॅमेऱ्याकडे तोंड करून तिच्यासमोर बसलं.

ती मी होते.

माझी वेणी, माझा चष्मा, माझी पिस्ता ओढणी. बसताना उजवा गुडघा चेपायची माझी सवय — तीसुद्धा. मी खुर्चीतच. हात खुर्चीच्या दांड्यांवर, आणि वर मी बोलते आहे. मी एरवी बोलते तशी नाही. हातवारे नाहीत. एक हात शुभांगीच्या मनगटावर, आणि अगदी थोडे शब्द. शुभांगीने आधी दाराकडे पाहिलं, मग मान हलवली, मग पदर डोळ्यांना लावला. या वेळी मला एकही संवाद सुचला नाही.

मागे डबा वाजला. भरतभाई म्हणाले, "मंदाबेन, तमे तो अहीं बेठां छो... तो त्यां कोण छे?"

मी इथे बसलेली, तर तिथे कोण. मला एकच दिसत होतं. स्क्रीनवरच्या त्या ओढणीवर डाग नव्हता.

मी धावले. जिना, कॉरिडॉर, लॅबचं दार. वाटेत समोरून कोणी आलं नाही, आणि लॅबला दुसरं दार नाही. आत शुभांगी एकटी होती. स्टूल तिच्यासमोर ओढलेलं होतं. निळं पासबुक कुठेच नव्हतं. तिने माझ्याकडे पाहिलं, मग ओढणीकडे.

"अगंबाई," ती म्हणाली, "आत्ता तर स्वच्छ होती. एवढ्यात काय सांडलंत?"

मराठीत. सरळ, घरातल्यासारखं. आणि मी काही बोलायच्या आत माझा हात धरून म्हणाली, "तुम्ही सांगितलंत तसंच करते, ताई. आजच."

मी वर येणार होते ते पासबुक मागायला. त्या क्षणी एवढंच म्हणायचं होतं की बाई, ती मी नव्हे. माझ्या तोंडून काय निघालं असेल? "हं." आयुष्यात इतकं छोटं वाक्य मी ना नाटकात बोलले, ना घरी.

शुभांगी अर्ध्या दिवसाची रजा टाकून गेली. फॉल-पिकोचे साठवलेले पैसे त्याच दुपारी तिने मुलीच्या नावावर केले, हे मला फार नंतर कळलं. संध्याकाळी साहेबांनी रेकॉर्डिंग मागवलं. मला वाटलं, संपलं. पण रेकॉर्डिंगमध्ये सगळं जसंच्या तसं होतं — मी स्टुलावर, ती समोर, मान हलवते, रडते. साहेबांनी समाधानाने विचारलं, काय निघालं? मी म्हटलं, तिच्या आईचं जुनं पासबुक, आठवण म्हणून जवळ ठेवते, खात्यात काही नाही. साहेबांचं मन भरून आलं. म्हणाले, बिचारी... आणि विषय मिटला. टाळ्या वाजवू नका. मी शुभांगीसाठी खोटं बोलले नाही. खरं सांगितलं तर तिला आधीच कोणी सावध केलं हा प्रश्न निघाला असता, आणि चित्रात मी होते. मी माझी कातडी वाचवली. रेकॉर्डिंगमधली ओढणी कोणी निरखली नाही.

फॉर्म्युला कोणी फोडला ते पुढे कळलं. कामगारांपैकी कोणी नव्हतंच. स्टेटमेंटचे गठ्ठे मात्र कोणी परत केले नाहीत. मनहरभाई वर्ष संपायच्या आत सोडून गेले. जाताना मला रीतसर 'आवजो' म्हणाले. मी अनेकदा विचार करते, ती स्टुलावरची मी त्यांच्याकडे का गेली नाही? तिला यायचं होतं, तर मी ऑफिसात गोष्ट सांगायच्या आधी का नाही आली?

भरतभाईंनी त्या मॉनिटरवर माताजींचा फोटो चिकटवला आणि जेवायला प्लांटमध्ये जाऊ लागले. आता सावलीला शेती बघतात. एका लग्नात भेटले तेव्हा इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर हळूच म्हणाले, "बेन, ते दिवसे बे हतां." दोघी होत्या. इतकंच बोलले आणि आइस्क्रीम आणायला गेले.

शुभांगीची मुलगी नर्स झाली. इथेच गोत्रीत एका हॉस्पिटलला आहे. मायलेकी दर उत्तरायणला, म्हणजे आपल्या संक्रांतीला, चिक्की आणि तिळाचे लाडू घेऊन येतात, आणि शुभांगी माझ्या नवऱ्यासमोर, शेजारच्यांसमोर, जो असेल त्याच्यासमोर सांगते की मंदाताई नसत्या तर माझी पोर आज कुठे असती. मी लाडू खाते. सगळ्या सोसायटीला गोष्टी सांगणारी मी, ही एकच गोष्ट माझ्यासमोर चुकीची सांगितली जाते आणि मी दुरुस्त करत नाही.

या वेळी पोरीने विचारलं, "मावशी, तुम्ही आईला तेव्हा नक्की काय म्हणाला होतात?" इतकी वर्षं मी ते शब्द विचारू शकले नव्हते. आपलेच शब्द कोणाला कसे विचारणार? मी म्हटलं, तुझी आईच सांगेल, तिला पाठ असेल.

शुभांगीला पाठ होतं. ती म्हणाली, "पहिलं वाक्य मी कधी विसरणार नाही. ताई म्हणाल्या — शुभांगी, मी आत्ता तुझ्याकडे मागायला येणार आहे. मला देऊ नकोस."

तिने त्याचा अर्थ लावला तो असा, की ताईंना कंपनीची म्हणून मागायला यावंच लागणार होतं. बरोबरच आहे. दुसरा कुठला अर्थ लावेल ती?

खुलासा माझ्याकडे नाही. कॅमेऱ्यातला बिघाड म्हणावं तर मनगटावरचा हात शुभांगीला आठवतो. भास म्हणावं तर भरतभाई आणि साहेब. देवाची कृपा म्हणावं तर मनहरभाई आठवतात. तुमच्यापैकी कोणाला काही सुचलं तर जरूर लिहा. मी वाचेन, पण पटेलच असं नाही.

त्या संध्याकाळी मायलेकी गेल्यावर मी लाडवांचा डबा उघडला आणि दोन ताटल्या काढल्या. आमच्या ह्यांना गोड चालत नाही. ते पेपरातून वर बघत म्हणाले, "अगं, आता आणखी कोण यायचंय?"

मी दुसऱ्या ताटलीत लाडू ठेवला आणि डब्याचं झाकण लावलं.