जुळलं की थांबणाऱ्या सिस्टर

"जुळलं बघा," असं म्हणून सिस्टर उजव्या हाताचा पंजा वर धरायच्या, रस्ता ओलांडताना आपण गाडीवाल्याला दाखवतो तसा. मग हळूच म्हणायच्या, "थांबा जरा. एवढं बघून घेऊ."

पहिल्यांदा त्यांनी असं केलं तेव्हा मी खरंच करकचून ब्रेक मारला होता. मागच्या लोकांची डोकी एकमेकांवर आपटली. समोर बघतो तर रस्त्यात ना कोंबडी, ना कुत्रं. मी घाबरून विचारलं, "काय झालं, सिस्टर?"

"काही न्हाई हो भाऊ. तुमच्या गाडीचं दार आज पहिल्या झटक्यात लागलं."

माझी जीप केज ते युसूफ वडगाव या रस्त्यावर प्रवासी घेऊन चालते. तुम्ही कधी अशा वडापच्या जीपमधून गेला असाल, तर तिची दारं कशी असतात हे तुम्हाला सांगायला नको. माझ्या डाव्या दाराला तीन-चार वेळा आपटल्याशिवाय लागायची सवयच नव्हती. ते एकदाच्या ओढण्यात लागलं, तर मला कळलंसुद्धा नसतं. सिस्टरांना कळलं. त्या तो आनंद पुढच्या गावापर्यंत मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

सिस्टर म्हणजे आमच्या रस्त्यावरच्या उपकेंद्राच्या नर्स. त्यांना नाव होतं, पण ते हजेरीपटावर. सगळे त्यांना सिस्टर म्हणायचे आणि म्हातारी माणसं नर्सबाई. केजला राहायच्या आणि रोज सकाळी माझ्या जीपने कामावर यायच्या. ठेंगण्या, जाड भिंगाचा चष्मा, मांडीवर लसींची निळी पेटी. पुढची खिडकीजवळची जागा त्यांची, हे कुणी ठरवलेलं नव्हतं, पण तिथं दुसरं कुणी बसायचंही नाही.

आमच्या जीपमध्ये बोलणं काय असायचं? पाऊस आला नाही, आला तर नको तेव्हा आला, भाव पडला, लाईट गेली, अमक्याने तमक्याचा बांध कोरला. सिस्टर सगळं ऐकायच्या, मान डोलवायच्या. मग मध्येच सांगायच्या, आज चहा गाळला तर तीन कप काठोकाठ भरले, पातेल्यात थेंब राहिला नाही आणि कुणाला कमीही पडला नाही. मागचे लोक एकमेकांकडे बघून हसायचे. मीही हसायचो. पण घरी गेल्यावर बायको चहा ओतायला लागली की माझे डोळे आपोआप पातेल्याकडे जायचे.

झाकणाची गोष्ट आमच्या रस्त्यावर अजून सांगतात. सिस्टरांच्या एका जुन्या पातेल्याचं झाकण हरवलं होतं. बाजाराच्या दिवशी युसूफ वडगावला गेल्या असताना भांडीवाल्याकडं त्यांनी नुसता हाताचा अंदाज घेऊन एक झाकण उचललं. पातेलं उपकेंद्रात होतं, सुया उकळायचं जुन्या काळातलं. केजकडे परत येताना जीप उपकेंद्रापाशी आली, सिस्टर उतरल्या, आणि जाता जाता मला म्हणाल्या, "भाऊ, दोन मिनिटं थांबता का? बसतंय का बघते."

गाडी भरलेली. मागून एक आबा ओरडले. हे आबा रोजचे गिऱ्हाईक. हातात कायम काळी छत्री, आणि जागेवरून भांडल्याशिवाय त्यांचा प्रवास होत नसे. "झाकणासाठी गाडी थांबीवली कावून बे? कोर्टात तारीख हाय माझी."

एवढ्यात आतून आवाज आला. टक्. भांड्यावर झाकण नेमकं बसलं की येतो ना, तो आवाज. सिस्टर पातेलं घेऊनच बाहेर आल्या. झाकण काढलं, पुन्हा बसवलं. टक्. पातेलं उलटं केलं, तरी झाकण पडलं नाही. गाडीतले लोक एक-एक करून उतरले. एका बाईने हात लावून बघितलं. शेवटी आबाही उतरले. त्यांनी स्वतः दोनदा झाकण लावलं, काढलं, आणि जागेवर जाऊन बसले. केज येईपर्यंत त्या दिवशी गाडीत कुणी पावसाचं नाव काढलं नाही.

आता तुम्ही म्हणाल, बाई जरा भाबड्या असतील. तसं अजिबात नव्हतं. दसऱ्यानंतर आमच्या गावांतून ऊसतोडीला टोळ्या निघतात. घरंच्या घरं ट्रॅक्टरवर चढतात, भांडीकुंडी, शेळ्या, लेकरं. एकदा निघाले की ती लेकरं पाच-सहा महिने कुठल्या फडावर असतील, त्यांचा डोस कोण देईल, काही भरवसा नसतो. म्हणून टोळी हलायच्या आत सगळ्या लेकरांना गाठायची सिस्टरांची धडपड असायची. एके वर्षी मी सिस्टरांना जीपने घेऊन पोचलो तेव्हा टोळी भरून तयार होती. मुकादम म्हणाला, "आता न्हाई जमायचं. ट्रॅक्टर सुरू हाय."

आणि ट्रॅक्टर बंद पडला. पट्टा तुटला होता. मुकादम डोक्याला हात लावून बसला. सिस्टरांनी पेटी उघडली आणि ट्रॉलीच्या सावलीत एकेक लेकरू पुढं घ्यायला लागल्या. नवा पट्टा येऊन बसेपर्यंत शेवटचं लेकरू रडून झालं होतं. ट्रॅक्टर सुरू झाला तसा मुकादम त्यांच्याकडे संशयाने बघून म्हणाला, "सिस्टर, खरं सांगा. तुमीच तर न्हाई ना काही केलं?"

सिस्टर इतक्या हसल्या की चष्मा काढून पुसावा लागला.

एकदा परतीच्या खेपेला गाडीत आम्ही दोघंच होतो. मी सहज विचारलं, "सिस्टर, ही सवय तुम्हाला आधीपासूनच का?"

त्यांनी मांडीवरची पेटी सरळ केली. मग म्हणाल्या, "न्हाई. नोकरीला लागले तेव्हा एक बाळंतीण गेली, माझ्यासमोर. गाडी मिळाली न्हाई वेळेवर. वर्षभर सगळे तेच विचारायचे, अन् मी बी मनात तेच घोळवायचे. तिचा चेहरा अजून डोळ्यापुढं हाय. पण भाऊ, त्याच वर्षी कितीतरी जणी सुखरूप मोकळ्या झाल्या. लेकरू रडलं, आई हसली, समदं नीट झालं. त्यातल्या एकीचाही चेहरा मला आठवंना. तेव्हा वाटलं, हे काही खरं न्हाई. बिघडलं की आपण तासन् तास तिथंच उभे राहतो. नीट झालं की कुणी थांबत न्हाई."

मी मान डोलावली. पटलं असं वाटलं, पण तसं ते वरवरच होतं. खरं कळलं ते पुढं.

तीन वर्षांपूर्वी सोयाबीन काढायचे दिवस होते. माझं रान रस्त्याला लागूनच आहे. माझी आई, बायको आणि भावकीतल्या दोन बाया तिथं कामाला होत्या. दुपारी मी युसूफ वडगावहून गाडी भरून केजकडे निघालो होतो. सिस्टर रोज संध्याकाळच्या खेपेला यायच्या, पण त्या दिवशी केजला त्यांची मीटिंग होती म्हणून लवकर निघाल्या. रानाजवळ आलो तर बांधावर माणसं जमलेली. आई रस्त्याकडे पळत येत होती.

"पान लागलं," आई म्हणाली. आमच्याकडे साप चावला असं तोंडाने म्हणत नाहीत.

सोयाबीनच्या ढिगाखाली होता. बायकोच्या घोट्याजवळ दोन ठिपके होते आणि ती बांधावर बसून माझ्याकडे बघत होती, पण पापण्या तिला उघड्या ठेवता येत नव्हत्या. मी तिथं नुसता उभा राहिलो.

सिस्टर माझ्याआधी तिच्याजवळ पोचल्या होत्या. "चालवू नका तिला. पाय हलू द्यायचा न्हाई. काहीतरी सरळ लांब द्या मला."

मागून एक काळी छत्री पुढं आली. आबांची. सिस्टरांनी ती पायाला लावून पदराच्या पट्टीने बेताने बांधली. आई म्हणत होती, आधी देवळात न्या, तिथं विष उतरवतात. दुसरी वेळ असती तर मी आईचं ऐकलं असतं. सिस्टर आईचा हात धरून म्हणाल्या, "मावशी, देवाला तुमी सांगा. दवाखान्यात मी नेते. दोघी मिळून करू." आई तिथेच हात जोडून उभी राहिली.

मी वळून बघितलं तर जीप रिकामी. मी कुणाला उतरा म्हटलं नव्हतं. सगळे आपापली गाठोडी घेऊन उन्हात रस्त्याच्या कडेला उभे होते. आबा म्हणाले, "बघत काय राहिला बे? गाडी काढ."

तो रस्ता त्या दिवसांत कधी मोकळा नसतो. कुठं सोयाबीनचे ट्रॅक्टर, कुठं शेळ्यांचे कळप. त्या दिवशी केजपर्यंत मला एकदाही गाडी पूर्ण थांबवावी लागली नाही. मागच्या सीटवर सिस्टर बायकोचं डोकं मांडीवर घेऊन तिच्याशी सारखं बोलत होत्या आणि मध्ये मध्ये फोनवर दवाखान्याला सांगत होत्या. सरकारी दवाखान्याच्या आवारात शिरलो तर डॉक्टर बाहेरच उभे होते. ते बीडला निघाले होते, पण त्यांच्या गाडीचं चाक पंक्चर झालं होतं आणि ते बदलून व्हायची वाट बघत होते. त्यांनी फोन ऐकला आणि स्ट्रेचर दारातच आणून ठेवायला लावलं. इंजेक्शनं होती. पुरेशी होती.

सूर्य कलायला लागला तेव्हा बायकोने डोळे उघडले. जड जिभेने पहिलं काय विचारावं? "म्हशीला पाणी पाजलं का कुणी?"

तिथल्या नर्सने मला बाहेर पाठवलं. आवारात लिंबाखाली सिस्टर बसल्या होत्या. त्यांची मीटिंग केव्हाच बुडाली होती. मी त्यांच्याजवळ गेलो आणि बडबडायला लागलो. "सिस्टर, जरा उशीर झाला असता तर? मी देवळात नेलं असतं तर? रस्त्यात ट्रॅक्टर आडवा आला असता तर काय झालं असतं?"

"न्हाई," त्या म्हणाल्या. "तसं न्हाई बोलायचं. खाली बसा. आता बघून घेऊ."

मी बसलो.

"काय काय नीट झालं ते सांगा मला."

मी दवाखान्याच्या दाराकडे बघितलं. मग म्हणालो, "तुम्ही आज लवकर निघालात."

"हं. अजून?"

"लोक आपणहून उतरले. आबासुद्धा."

"आबांनी छत्री दिली," सिस्टर म्हणाल्या. "ते जीव देतील, पण छत्री देणार न्हाईत असं वाटायचं मला."

मला हसू आलं. मग म्हणालो, "डॉक्टरांचं चाक पंक्चर झालं." आणि ते म्हणता म्हणताच मला रडू कोसळलं. इतक्या लोकांच्या ये-जा करण्याच्या जागी, मोठा माणूस मी, तोंड झाकून रडलो. सिस्टरांनी समजावलं नाही, पाठीवर हात ठेवला नाही. गाड्यावरून दोन चहा आणले आणि माझं होईपर्यंत माझा कप हातात धरून बसल्या.

त्यानंतर दीड वर्षाने त्या रिटायर झाल्या आणि गेवराईला धाकट्या लेकीकडे राहायला गेल्या. निरोपाच्या दिवशी उपकेंद्रात नारळ, शाल, भाषणं झाली. आबांनी भाषण करायचं ठरवलं होतं, पण माइक हातात आल्यावर, "नर्सबाई लई चांगल्या हायत," एवढंच म्हणून ते खाली बसले. आता नव्या सिस्टर आल्यात. त्याही चांगल्या आहेत. त्यांची स्वतःची स्कूटी आहे, त्यामुळे जीपची त्यांना गरज पडत नाही. पुढच्या सीटवर आता कुणीही बसतं.

गेल्या हिवाळ्यात बायको म्हणाली, सिस्टरांना भेटायला जाऊ. तिने तुरीच्या शेंगा, भुईमूग आणि बाजरीचं पीठ बांधलं. न सांगता जाऊन चकित करायचं असं ठरलं. जीप घेऊन आम्ही दोघंच निघालो. गेवराईत घर विचारत विचारत सापडलं, तर दाराला कुलूप. शेजारणीने सांगितलं, सगळे कालच लातूरला थोरल्या लेकीकडे गेले.

मी फोन लावला. सिस्टर आधी खूप हळहळल्या, मग हसायला लागल्या. "बघा ओ भाऊ, तुमी हितं आला अन् मी तिकडं. आज काही जुळलं न्हाई. पण तिला द्या बरं फोन." बायको बराच वेळ बोलत राहिली. पाय दुखतो का, म्हशी किती, आई कशी आहे, सिस्टरांनी सगळं विचारलं. शेंगांची पिशवी आम्ही शेजारणीकडे दिली.

परत फिरायच्या आधी बायको म्हणाली, "एवढ्या लांब आलोय, तर गोदावरी बघू." तिने ती कधी बघितली नव्हती. म्हणून पुढं पुलापर्यंत गेलो आणि खाली उतरलो. पाणी संथ होतं. दुपारचं ऊन पडलं होतं आणि आसपास कुणी नव्हतं. तिने चपला काढून वाळूवर ठेवल्या, लुगडं जरा वर धरलं आणि घोट्याएवढ्या पाण्यात गेली. गार लागलं म्हणून आधी मागे सरली, मग पुन्हा पुढे गेली. पाणी नितळ होतं. घोट्याजवळचा काळपट डाग मला काठावरून दिसत होता.

केजला संध्याकाळची खेप गाठायची होती. गिऱ्हाइकांचे दोन फोन येऊन गेले होते. तिसरा वाजायला लागला तसा मी तो बंद करून खिशात ठेवला आणि तिथंच वाळूवर बसलो. ती पाण्यात उभी होती.