मोटारीचे पाटे आणि सुशीचं स्थळ

आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर मी. त्यामुळे मोटारीची दुरुस्ती ओघानंच माझ्याकडे आली.

अकोल्यात बाबांचं सरकी-ढेपेचं, म्हणजे गुराढोरांच्या खाद्याचं, दुकान होतं. मी बी.एस्सी. झालो त्या आनंदात त्यांनी इंग्रजांच्या काळातली एक मोटार विकत आणली. मी इंजिन सुरू केलं, रंग दिला; पण चाकांवर गाडी तोलणारे पोलादी पाटे पार झिजले होते. गाडी एका कुशीवर झोपल्यासारखी चालायची!

अशात अंजनगावचे गुणवंतराव माझ्या धाकट्या बहिणीला, सुशीला, आपल्या मुलासाठी पाहायला येणार असं ठरलं. आधीची दोन स्थळं मोडलेली. बाबा म्हणाले, "पाहुण्याइले स्टँडवून मोटारीतच आण. पाटे बदलून टाक."

तसे पाटे गावात मिळेनात. मी विचार केला, जाड पाटा म्हणजे जास्त मजबूत. (पदार्थविज्ञानात मला चांगले गुण होते.) आणि कापसाच्या गाठी वाहणाऱ्या ट्रकचे पाटे ठोकून बसवले!

गाडी उंटासारखी उभी राहिली.

"काहून रे, शिडी लावून चढा लागते का?" आईनं विचारलं.

"वजन पडलं का बसते, आई!"

वजन घरचंच होतं. मागच्या सीटवर सरकीची पोती रचली. गाडी लगेच नम्र झाली.

स्टँडवर गुणवंतराव दचकले. "पोत्यावर बसू का जी?"

"बसा काकाजी, गादीवानी हाये!"

पहिल्याच खड्ड्यात काकाजींचं डोकं टपावर आपटलं आणि एक पोतं उसवलं. मोटारीच्या तळाच्या भोकांतून सरकी रस्त्यावर सांडू लागली. चरून परतणाऱ्या म्हशींना तिचा वास लागला, आणि अख्खा कळप मोटारीमागे!

"म्हशी येऊन राह्यल्या ना बावा!"

"येऊ द्या, आपण मोटारीत हाओ!" मी ठणकावून सांगितलं.

पण सरकी कमी होईल तसे पाटे ताठ होत गेले. गाडी उडू लागली, काकाजी गाडीपेक्षा उंच उडू लागले; त्यांची टोपी तर खिडकीबाहेरच गेली. चौकात वेग मंदावताच एका म्हशीनं खिडकीतून मुंडकं घालून त्यांच्या मांडीवरची सरकी चाटून साफ केली!

दारात बोडक्या डोक्याचे, कोटाला म्हशीची लाळ लागलेले पाहुणे उतरले. "गेलं हेबी स्थळ!" बाबा पुटपुटले.

सुशी चहा घेऊन आली. काकाजींनी फक्त नाव विचारलं. "पसंत हाये. आताच सुपारी फोडा."

बाबांचा विश्वास बसेना. "आताच? घरच्या बायाइले घेऊन या नं एकदा. त्याइलेबी पाहू द्या पोरगी."

काकाजींनी माझ्याकडे बोट केलं. "आन स्टँडवर घ्याले हाच येईन नं?"