जिवंत आईचा म्हाळ

पावस गावच्या थांब्यावर एसटी लागली तरी आई माझ्या बॅगेचा पट्टा सोडत नव्हती. "फोन केलास, नाही केलास, चालेल," ती म्हणाली, "पण वर्षाला एकदा तोंड दाखव." मी हो म्हणालो. बाबा आधीच गेले होते आणि मी एकुलता एक. शेजारच्या शेवंतावहिनींना "लक्ष ठेवा हां" एवढं सांगितलं आणि खिडकीजवळची जागा पकडली. याला बारा वर्षं झाली.

माझ्यासारख्या बाहेर गेलेल्यांनी आणि त्यांची वाट बघणाऱ्यांनी वाचावं म्हणून हे लिहितो आहे. यात अभिमानाचं काही नाही. लिहितानाही मला माझी शिसारी येते आहे.

मी स्वयंपाकी. आधी मुंबईत, मग एका परदेशी जहाजावर, आणि जहाजावरून उतरलो तो कॅरिबियन समुद्रातल्या एका लहानशा बेटावर. कित्येक पिढ्यांपूर्वी फ्रान्सहून आलेली शेतकऱ्यांची आणि मच्छीमारांची घरं तिथे आहेत. ती अजून जुन्या वळणाची फ्रेंच बोलतात. कोण कुणाचा नातू, हे आपल्या वाडीत जसं चालण्यावरून ओळखतात तसंच तिथेही. आता डोंगरभर श्रीमंतांचे बंगले आणि हॉटेलं झालीत. त्यातल्याच एका हॉटेलात मला नोकरी मिळाली आणि गावात रोझ नावाच्या बाईंकडे खोली. सगळे त्यांना तांत रोझ म्हणत. तांत म्हणजे मावशी.

पहिल्याच आठवड्यात तांतनं विचारलं, "आई आहे? तिच्याजवळ कोण असतं?" शेजारच्या खोलीत तिची स्वतःची नव्वदीची आई होती. तिला ती तिन्ही वेळा चमच्यानं भरवायची. म्हातारं माणूस एकटं टाकणं ही त्या बेटावर घराण्याची लाज. माझी फ्रेंच तेव्हा मोडकी होती, पण तेवढं वाक्य मी अगदी नीट बोललो. आई वारली, म्हणालो.

लाजेपोटी बोललो, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. ते अर्धंच खरं. तिच्या चेहऱ्यावर माया उतरताना दिसली आणि मला ती हवी होती. तिनं मला जवळ घेतलं, गरम सूप वाढलं. मी दोनदा मागून घेतलं.

नोव्हेंबरात तिथे मृतांचा दिवस असतो. आपल्या पितृपक्षासारखाच म्हणा. थडग्यांवर नवी पांढरी वाळू पसरतात, फुलं ठेवतात आणि चर्चमध्ये गेलेल्यांची नावं वाचतात. तांतनं मला आईचं नाव विचारलं. मी सांगितलं. तिनं आपल्या वडिलांच्या थडग्याशेजारी हातभर जागेत वाळू टाकली, शंख-शिंपल्यांची कड केली. पाद्रींनी आपल्या फ्रेंच उच्चारात वाचलं, "सुलोशना". मी हात जोडले. त्याच सकाळी आईचा फोन येऊन गेला होता. भात झोडून झालं, गवत रचलं, तू कधी येतोस?

हे दर वर्षी झालं. पुढे पुढे मी फुलंसुद्धा निवडू लागलो.

मग दोन वर्षांपूर्वी आई विहिरीच्या जांभ्याच्या पायरीवरून घसरली. खांदा मोडला. शेवंतावहिनींनी फोनवर सांगितलं, "भावजी, काकींना रत्नागिरीला हॉस्पिटलात नेलंय. ऑपरेशन सांगतायत. तुम्ही निघा." मी निघालो नाही. रजा कुणासाठी मागणार? त्या बेटावरच्या प्रत्येक माणसाला माझी आई मेलेली माहीत होती. वहिनींना सांगितलं, हॉटेलचा हंगाम आहे, सोडत नाहीत. त्या दिवशी मी पाहुण्यांसाठी मासे तळले आणि एकही करपू दिला नाही.

यंदा पहिल्यांदा आलो, थकलेल्या आजीसाठी म्हणून तांतला सांगून. आजी कधीच गेली. आठ दिवस घरात नुसता वावरलो. नवव्या दिवशी दुपारी आई पडवीत आमसुलं निवडत होती, तेव्हा सगळं सांगून टाकलं.

ती आधी हसली. "मेल्या, मी जिती असताना माझा म्हाळ घातलास?" मग म्हणाली, "फुलं कसली वाहिलीन त्या बाईनं?" पांढरी, मी म्हणालो. "बरी आहे हो बाई. कोण कुठली मी, पण माझं करते." आणि तिचे हात थांबले.

"म्हणजे माझा खांदा मोडला तेव्हा आला नाहीस, तो यासाठी?"

मी होकारार्थी मान हलवली. आमसुलांची सुपली बाजूला सारत ती म्हणाली, "लाव फोन तिला."

तिथे सकाळ होती. तांतनं व्हिडिओ कॉल उचलला. मी खाली बघत सांगितलं आणि फोन आईसमोर धरला. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. तांतनं छातीवर क्रुसाची खूण केली आणि आईची माफी मागितली, तुम्हाला मेलेलं धरलं म्हणून. आईला शब्द कळले नसावेत, पण तिनं डावा हात कपाळाला लावला. तांत माझ्याशी एक अक्षर बोलली नाही. दुसऱ्या दिवशी तिचा निरोप आला. माझ्या खोलीतलं सामान तिनं हॉटेलवर पाठवून दिलं होतं.

तिकडचं घर असं गेलं. इकडचं आहे का, ते मलाच ठाऊक नाही. आई बोलते, वेळेवर जेवायला हाक मारते. आज सकाळी मी चुलीवरचं पाणी न्हाणीत नेऊन ठेवलं आणि तिला उठवायला हात पुढे केला.

"राहू दे," ती म्हणाली, "शेवंता येईल. माझा हात कसा उचलायचा ते तिला माहीत आहे."

वहिनी आल्या, आत गेल्या, दार लोटलं. मी बाहेर उभा राहिलो आणि कान देऊन ऐकू लागलो. वहिनी दाराबाहेर ऐकू येईल एवढ्या आवाजात सांगत होत्या, आधी कोपर धरायचं, मग खांदा, घाई करायची नाही. त्या आईशी बोलत नव्हत्या. तिला ते ठाऊकच होतं.