एडवणहून पालघरला नेलेली गाडी

कंपनीच्या कॅन्टीनमध्ये कुणी भुताखेतांचा विषय काढला की मी डबा उचलून दुसऱ्या टेबलावर जाऊन बसायचो. तारापूर एमआयडीसीत मेंटेनन्सला होतो. बंद पडलेल्या मशीनला कारण असतं, आणि ते सापडत नसेल तर आपण नीट बघितलेलं नाही – एवढंच मला ठाऊक. आजही कुणाला काही पटवायला बसलेलो नाही. घडलं तसं शांतपणे लिहितो… शांतपणे म्हणजे, त्या दिवसापासून आत फारसं काही हलतच नाही, म्हणून.

ऐंशीच्या दशकाचा शेवट. मे महिना, रविवार. मी बोईसरला खोली घेऊन राहायचो आणि सुट्टीला एडवणला मोठ्या भावाकडे जायचो. दादा मच्छीमारी बोटीवर इंजिन सांभाळायचा. आईवडील लवकर गेले, मला वाढवलं ते त्याने आणि वहिनीने. मी एक जुनी मोटार घेतली होती. ती गॅरेजला कधी गेलीच नाही; अंगणात आम्ही दोघंच तिच्याशी झटापट करायचो. आमची पद्धत ठरलेली. मी खोलायचं, निघालेला प्रत्येक पार्ट दादाच्या हातात द्यायचा, त्याने तो लुंगीला पुसायचा आणि मागितला की परत द्यायचा. जमिनीवर काही ठेवायचं नाही, कारण अंगणभर वाळू.

त्या दिवशी गाडी मिसिंग करत होती, म्हणजे चालता चालता मध्येच ठोका गाळायची. प्लग काढून बघितले, ठीक होते. मग डिस्ट्रिब्युटरचं झाकण उघडलं. आतले पॉइंट काळे पडले होते. वरचा रोटर उपसून दादाकडे दिला आणि पॉलिश पेपरने पॉइंट घासायला घेतले.

"ह्या टिचभर कशाला हाय रं?" दादाने विचारलं.

"करंट वाटतो तो. फिरत फिरत एकेका प्लगला देतो. तो नसला तर गाडी धक्का मारूनसुद्धा चालू होणार नाही."

"आमच्या बोटीला असली थेरं नाय. डिझेल घाल नि फिरव." तो हसला. "नोकरी सोड नि बोटीवर ये. दोन दिवसांत माणसात येशील."

मी काहीतरी उलट बोलणार होतो. पण त्याचं पुसणं थांबलं होतं. चेहरा घामाने निथळत होता.

"सुऱ्या… छातीत काय तरी होतंय…"

वहिनी पलीकडे बोंबील वाळत घालत होती, ती धावत आली. गावात तेव्हा दुसरं वाहन नव्हतं. मी डिस्ट्रिब्युटरचं झाकण दाबलं, दोन्ही क्लिपा लावल्या, बॉनेट आपटलं. दादाला आम्ही मागच्या सीटवर घातलं, त्याचं डोकं वहिनीच्या मांडीवर. सेल्फ मारला आणि गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली.

आमच्या किनाऱ्यावरच्या माहीम गावावरून पालघर. तो रस्ता मला फार कमी आठवतो. आठवतो तो इंजिनाचा आवाज. एकही ठोका चुकत नव्हता. इतकी गुळगुळीत ती गाडी माझ्याकडे आल्यापासून कधीच चालली नव्हती. मध्येच मागून दादा हळू बोलला, "सुऱ्या, आवाज बेस येतोय." तेच त्याचं शेवटचं बोलणं.

दवाखान्याच्या दारात गाडी बंद केली. दादाला आत नेलं. मी बाकावर बसलो. थोड्या वेळाने डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, "तुम्ही वेळेवर आणलंत. आणलं तेव्हा नाडी होती. पण अटॅक फार मोठा होता." मी मान डोलावली. रडू आलं नाही. पंखा फिरत होता, त्याच्याकडे बघत राहिलो.

वहिनीच्या भावाला कळवायला पालघरातच जायचं होतं, म्हणून बाहेर येऊन किल्ली फिरवली. सेल्फ फिरला, इंजिन लागेना. मग हात आपोआप कामाला लागले… बॅटरी ठीक. पेट्रोल येतंय. प्लगची वायर काढून बॉडीजवळ धरली, ठिणगी नाही. डिस्ट्रिब्युटरचं झाकण उघडलं. आत नुसता शाफ्ट. रोटर नव्हता.

मी आत बोट फिरवून बघितलं. वाटेत पडला म्हणावं तर दोन्ही क्लिपा लावलेल्या होत्या.

तेवढ्यात वहिनी बाहेर आली. तिने तळहात पुढे केला. त्यावर रोटर होता.

"भावजी, ह्या तेंच्या मुठीत होता. आता नर्सबाईंनी सोडवला."

"कधीपासून?"

"घराशी दुखाया लागला तवापासून. वाटेत मी मूठ उघडाया बगितली, तळवा चोळूया म्हणून. उघडलीच नाय."

मी रोटर बसवला. गाडी लगेच सुरू झाली. आणि पुन्हा पहिल्यासारखीच मिसिंग करायला लागली. तशाच गाडीने आम्ही दादाला एडवणला परत आणलं.

नंतर मी बऱ्याच जणांना विचारलं. बोईसरच्या मिस्त्रीने हातातलं काम थांबवून ऐकलं आणि म्हणाला, "साब, बिना रोटर गाडी नहीं चलती. आपने दूसरा लगाया होगा." दुसरा रोटर माझ्याकडे कधी नव्हताच. माझे इंजिनियर साहेब म्हणाले, धक्क्यात माणसाला काहीही आठवतं, तू तो पालघरला काढून दादाच्या हातात ठेवला असशील. मग वहिनीने वाटेत जी मूठ उघडायचा प्रयत्न केला ती कसली? मी स्वतः एका रविवारी त्याच अंगणात रोटर काढून सेल्फ मारून बघितला. बॅटरी उतरेपर्यंत मारला. गाडी हूं का चूं नाही. वहिनी दारातून बघत होती. ती मला थांब म्हणाली नाही.

उत्तर माझ्याकडे नाही आणि ते मिळेल असंही आता वाटत नाही. रोटरशिवाय गाडी कशी चालली, हे कुणी सांगितलं नाही तरी चालेल मला. पण जे होऊच शकत नाही ते त्या दिवशी झालं… भर दुपारी, आम्हा तिघांना घेऊन, थेट दवाखान्याच्या दारापर्यंत झालं. त्यापुढचं तर सोपं होतं. दवाखान्यातून माणसं रोज बरी होऊन घरी जातात. तेवढंच का झालं नाही?